मेदाचे स्थान : स्थौल्यविचाराचा शास्त्रीय व भाषिक परामर्श

मराठीत माणूस ‘सुटतो’ आणि माणसाचे पोटही ‘सुटते’. क्रियापद एकच असले तरी ही दोन विधाने एक नव्हेत. ‘लग्नानंतर तो चांगलाच सुटला’ असे म्हणताना सर्वांगाला आलेला भरदारपणा अभिप्रेत असतो. ‘त्याचे पोट सुटले’ असे म्हणताना हातपाय पूर्ववत राहून केवळ मध्यभाग वाढला, हे सुचवायचे असते. हा भेद बोलणाऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. वैद्यकशास्त्रास मात्र तो मोजून, पडताळून आणि सर्वमान्य करून घेण्यात विसाव्या शतकाचा उत्तरार्ध खर्ची घालावा लागला. शरीरात मेद किती आहे या प्रश्नाइतकाच, किंबहुना काही रोगांच्या बाबतीत त्याहून अधिक, तो कोठे साठला आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे त्या अभ्यासाचे सार सांगता येईल.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन दुहेरी आहे. मेदाच्या शरीरांतर्गत वाटणीचा आरोग्याशी कोणता संबंध आहे, हे प्रथम यथाशक्ति स्पष्ट करावयाचे आहे. त्यानंतर या विषयासाठी मराठीत जे शब्द आपण वापरतो ते या नव्या ज्ञानास पुरे पडतात काय, याचा विचार करावयाचा आहे. हा दुसरा प्रश्न केवळ कोशकारांच्या जिव्हाळ्याचा आहे, असे कोणी समजू नये. ज्या रोगाला नाव नाही, किंवा ज्याचे नाव दिशाभूल करणारे आहे, त्या रोगाची शंका रोग्यास वेळेवर येत नाही. भारतीयांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. जुन्या शब्दांची साक्ष

आज आपण ‘मेद’, ‘वसा’ आणि ‘चरबी’ हे शब्द जवळजवळ समानार्थी म्हणून योजतो. संस्कृत वैद्यकग्रंथांत मात्र ते तसे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मेदाचे स्थान उदर आणि लहान अस्थी हे सांगितले आहे. मोठ्या अस्थींतील स्निग्ध द्रव्यास मज्जा आणि शुद्ध मांसातील स्नेहास वसा अशी निराळी नावे दिली आहेत. ‘वपा’ हा शब्द याहूनही जुना. वैदिक पशुयागात आतड्यांवर पसरलेल्या मेदयुक्त पडद्याची जी आहुती दिली जाई, तिला वपा म्हणत. म्हणजे स्निग्ध द्रव्य एकाच जातीचे असले तरी त्याच्या स्थानावरून त्यास वेगवेगळे नाव देण्याची प्रथा या भाषेत होती. माधवनिदानात तर मेदोरोगाचे वर्णन करताना, मेद उदरात राहत असल्यामुळे मेदस्वी मनुष्याचे पोट बहुधा वाढते, अशी कारणमीमांसाही आढळते.

हा भेद पुढे पुसट झाला. अमरकोशात मेद, वपा आणि वसा हे शब्द परस्परांचे पर्याय म्हणून एकत्र दिले आहेत. कोशकाराचे काम पर्याय गोळा करण्याचे असल्यामुळे वैद्यास आवश्यक वाटणारा स्थानभेद त्याने सोडून दिला, यात नवल नाही. मराठीत फारसीतून ‘चरबी’ हा शब्द आला आणि त्याने सर्वच स्निग्ध द्रव्यांवर आपली सत्ता बसविली. पशूच्या शरीरातील, माणसाच्या पोटावरील आणि दिव्यात जाळावयाची, अशी सर्व ‘चरबी’च झाली. मात्र पदार्थवाचक शब्दांतून नाहीसा झालेला स्थानभेद देहवर्णनाच्या शब्दांत टिकून राहिला. संस्कृत ‘तुन्द’ या शब्दाशी नाते सांगणारा ‘दोंद’, तसेच ‘ढेरी’, ‘पोट सुटणे’ ही त्याची उदाहरणे होत. ‘लठ्ठ’, ‘जाडा’, ‘स्थूल’ ही विशेषणे सर्व देहाची. ‘ढेरपोट्या’ हे विशेषण केवळ मध्यभागाचे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. जुन्या ग्रंथांत उदरस्थ मेदाचा उल्लेख आहे, एवढ्यावरून आधुनिक शोध प्राचीनांना अवगत होता असे अनुमान काढणे हा भाषेवरही अन्याय आहे आणि विज्ञानावरही. शब्द एखाद्या निरीक्षणाची साक्ष देतात; ते कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. ती सिद्धी मापनानेच होते.

२. वजनाकडून कंबरेकडे

बेल्जियमचा गणिती अदॉल्फ केतले याने १८३२ च्या सुमारास मनुष्यसमूहांचा अभ्यास करताना असे दाखविले की, प्रौढ माणसांचे वजन त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणाऱ्या या संख्येस अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली देहवस्तुमान निर्देशांक असे नाव दिले. आज तो ‘बीएमआय’ या आद्याक्षरांनी सर्वत्र ओळखला जातो. एक मीटर चौसष्ट सेंटिमीटर उंचीच्या आणि साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याचा निर्देशांक २२.३ येतो. हिशेब सोपा, साधने दोनच, आणि मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घेण्यास उपयोग निःसंशय. परंतु या संख्येत स्नायू किती, मेद किती आणि तो मेद कोठे, यांपैकी कशाचेही उत्तर नाही. मल्ल आणि बैठे काम करणारा कारकून यांचा निर्देशांक समान असू शकतो.

स्थानाचा प्रश्न आधुनिक वैद्यकात आग्रहाने मांडण्याचे श्रेय फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग यांच्याकडे जाते. १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी स्थौल्याचे दोन आकृतिबंध सांगितले. देहाच्या वरच्या भागात, म्हणजे मान, खांदे व उदर येथे मेद साठणारा एक. त्यास त्यांनी पुरुषवत् म्हटले. नितंब व मांड्या येथे मेद साठणारा दुसरा. त्यास स्त्रीवत् म्हटले. मधुमेह, रोहिणीकाठिन्य आणि संधिवाताचा गाउट हा प्रकार, ही सारी पहिल्या आकृतिबंधाची सोबती आहेत असे त्यांचे निरीक्षण होते. १९५६ साली त्यांनी हाच विचार इंग्रजीतून मांडला. तथापि त्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष जाण्यास आणखी पाव शतक लोटावे लागले.

१९८४ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांची त्यांच्या चोपन्नाव्या वर्षी मापे घेऊन पुढे तेरा वर्षे पाहणी केली होती. दुसऱ्यात १४६२ स्त्रियांची बारा वर्षे. दोहोंचा निष्कर्ष मिळताजुळता होता. कंबरेच्या घेराचे नितंबांच्या घेराशी जे गुणोत्तर, ते हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका नुसत्या वजनापेक्षा अधिक चांगल्या प्रकारे सूचित करीत होते. पुढे ५२ देशांतील सत्तावीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीतही, जिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले, हृदयविकाराच्या झटक्याशी या गुणोत्तराचा संबंध निर्देशांकापेक्षा अधिक घनिष्ठ आढळला.

दरम्यान क्षकिरणांच्या संगणकीय छेदचित्रणामुळे पोटाचा आडवा छेद जिवंत माणसात पाहता येऊ लागला. जपानमधील ओसाका येथील युजि मात्सुझावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात या साधनाने दाखविले की, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पोटांत आतील रचना अगदी भिन्न असू शकते. एकात मेद त्वचेखाली, म्हणजे चिमटीत धरता येईल असा. दुसऱ्यात तो स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती व वपाजालात. पहिल्यास अधस्त्वचीय आणि दुसऱ्यास आंतरांगीय मेद म्हणावे. रक्तातील साखर व स्निग्ध पदार्थ यांचे दोष दुसऱ्याशी अधिक निगडित होते. सुमो मल्लांच्या अभ्यासाने हाच मुद्दा उलट बाजूने सिद्ध केला. त्यांचे देह प्रचंड. परंतु कसून मेहनत चालू असते तोवर त्यांचा मेद मुख्यतः त्वचेखाली असतो, आणि त्या मानाने त्यांच्या रक्तात दोष अल्प आढळतात.

३. साठ्याचे स्थान आणि परिणाम

मेद म्हणजे निष्क्रिय साठा, ही समजूत आता मागे पडली आहे. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. मेदपेशीत निर्माण होऊन मेंदूस साठ्याची वार्ता देणारा हा पदार्थ. त्यानंतर लवकरच ॲडिपोनेक्टिन हा दुसरा पदार्थ सापडला. तो इन्सुलिनच्या कार्यास साह्य करतो, आणि आंतरांगीय मेद वाढला असता रक्तातील त्याचे प्रमाण घटते. मेदसंचय जसा ताणला जातो तसे त्यात रोगप्रतिकारक पेशींचे आगमन होते आणि शरीरात मंद स्वरूपाचा दाह चालू राहतो, हेही पुढे दिसून आले. सारांश, मेद हा एक अवयवच आहे, आणि त्याचे वर्तन त्याच्या जागेनुसार बदलते.

आंतरांगीय मेद अपायकारक का, याचे सर्वांत आधी सुचलेले उत्तर रक्ताभिसरणाच्या मार्गावर आधारलेले होते. आतड्यांभोवतीच्या मेदातून निघणारी मेदाम्ले सर्वसाधारण अभिसरणात न मिसळता थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, यकृतात त्यांचा भार होतो, आणि यकृत इन्सुलिनचा आदेश मानीनासे होते, असा हा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. पण ते पूर्ण उत्तर नव्हे. यकृताकडे जाणाऱ्या मेदाम्लांचा मोठा हिस्सा अधस्त्वचीय मेदातूनच येतो, असे मापनांती आढळले. शस्त्रक्रियेने वपाजाल काढून टाकल्यानेही अपेक्षित असा अतिरिक्त लाभ झाला नाही.

म्हणून आज जो विचार अधिक ग्राह्य मानला जातो, तो कोठाराच्या दृष्टांताने समजून घेता येईल. त्वचेखालील मेद, विशेषतः नितंब व मांड्या येथील, हे शरीराचे हक्काचे कोठार होय. अन्नातून आलेले जादा स्निग्ध द्रव्य तेथे सुरक्षितपणे बंद राहते. या कोठाराची क्षमता व्यक्तिपरत्वे भिन्न असते, आणि ती आनुवंशिकतेने बऱ्याच अंशी ठरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात कंबर व नितंब यांच्या गुणोत्तराशी संबंधित ४९ जनुकीय स्थाने सांगितली आहेत. कोठार भरले की धान्य जसे ओसरीवर, माजघरात, मिळेल त्या जागी टाकावे लागते, तसा जादा मेद आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात शिरतो. ही त्याची जागा नव्हे. यकृतात तो शिरला की उपाशीपोटीही साखर निर्माण होत राहते आणि रक्तात ट्रायग्लिसराइडांचा भरणा होतो. स्नायूंत शिरला की साखर आत घेण्याची त्यांची शक्ती मंदावते. स्वादुपिंडास अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते, आणि ते थकले की मधुमेह प्रकट होतो. या मतानुसार पोटातील मेद हा काही अंशी स्वतः अपराधी आहे आणि काही अंशी कोठार भरून वाहू लागल्याचा साक्षीदार आहे.

या मताच्या पुष्टीसाठी निसर्गाने व शस्त्रवैद्यांनी दोन विलक्षण दाखले पुरविले आहेत. पहिला मेदक्षयाच्या दुर्मीळ विकारांचा. या विकारांत त्वचेखालील मेद जन्मतः किंवा पुढे जवळजवळ नाहीसा असतो. अशी माणसे अत्यंत सडपातळ, स्नायू ठसठशीत दिसणारी. आणि तरीही त्यांना तीव्र मधुमेह, मेदयुक्त यकृत व रक्तातील ट्रायग्लिसराइडांची अतोनात वाढ यांनी ग्रासलेले असते. कोठारच नसेल तर धान्य घरभर पडणार, हे उघड आहे. दुसरा दाखला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा सुमारे दहा किलोग्रॅम मेद शोषून काढण्यात आला. कंबर घटली, वजन घटले. परंतु सुमारे तीन महिन्यांनंतरही इन्सुलिनचे कार्य, रक्तदाब व रक्तातील स्निग्ध पदार्थ यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. तेवढाच मेद आहारनियमनाने गेला असता तर सुधारणा अपेक्षित असती. कारण तेव्हा यकृत व आंतरांगे यांतील मेद आधी खर्ची पडतो.

४. स्त्री, पुरुष आणि वय

कोठाराचा हा विचार स्त्री व पुरुष यांतील फरकही उलगडून दाखवितो. वयात आल्यानंतर स्त्रीच्या शरीरात मेदाचे प्रमाण पुरुषापेक्षा अधिक असते, आणि तरीही मध्यम वयापर्यंत हृदयविकाराचे प्रमाण तिच्यात कमी असते. गर्भधारणा व स्तन्यपान यांसाठी नितंब व मांड्या येथे राखलेला मेद सहजासहजी रक्तात उतरत नाही. तो संयमी साठा आहे. पुरुषात मात्र एकूण मेदाच्या साधारण दहा ते वीस टक्के भाग आंतरांगीय असतो. स्त्रियांत हा हिस्सा त्याहून बराच कमी. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीसंप्रेरकाचे प्रमाण घटले की हा साठा मध्यभागाकडे सरकू लागतो आणि स्त्रीला असलेले संरक्षण क्षीण होते. आपल्याकडे पन्नाशीनंतर स्त्रीचे पोट वाढले तर ‘वयच झाले’ म्हणून विषय मिटविला जातो. वय हे कारण खरे. परंतु ते दुर्लक्षास पुरेसे कारण नव्हे.

धूम्रपानाचेही येथे स्मरण करून दिले पाहिजे. धूम्रपान करणारे सरासरीने सडपातळ असतात. पण समान वजनाच्या इतरांशी तुलना करता त्यांच्या मेदाची वाटणी मध्यभागाकडे अधिक झुकलेली आढळते. सडपातळपणा आणि आरोग्य यांची फारकत दाखविणारे हे आणखी एक उदाहरण होय.

५. भारतीय देहाचे वैशिष्ट्य

या विषयाचा महाराष्ट्राशी जो संबंध आहे तो ओढूनताणून जोडलेला नाही. त्यातील काही महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. त्याची पूर्वपीठिका लंडनमध्ये आहे. १९९१ साली पॉल मॅकीग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील दक्षिण आशियाई व युरोपीय वंशाच्या मध्यमवयीन रहिवाशांची तुलना प्रसिद्ध केली. दक्षिण आशियाई वंशीयांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर युरोपीयांत ४ टक्के आढळले. याबरोबरच कंबर व नितंब यांचे गुणोत्तर आणि धडावरील मेदाचा थरही पहिल्या समूहात अधिक होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासमवेत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. सोबत दोघांचे छायाचित्र होते. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक अगदी समान, म्हणजे २२.३. परंतु मापन केले असता युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोन व्यक्तींवरून सिद्धांत बांधता येत नाही, आणि दोघांच्या व्यायामाच्या सवयीही सारख्या नव्हत्या. परंतु तराजू व उंचीची पट्टी यांनी एकच उत्तर दिलेली दोन शरीरे आतून किती निराळी असू शकतात, हे यापेक्षा थोडक्यात सांगता आले नसते.

याहून मूलगामी शोध नवजात बालकांविषयीचा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तेथील बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे जन्मलेल्या बालकांशी करण्यात आली, आणि २००३ साली ती प्रसिद्ध झाली. पुण्याकडील बालकांचे जन्मतः सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. लहान बालक सर्वच मापांनी लहान असणार, हे ओघानेच आले. पण सर्व मापे सारख्या प्रमाणात लहान नव्हती. स्नायू व उदरातील अवयव यांची तूट सर्वांत अधिक, आणि पाठीवरील मेदाची तूट सर्वांत कमी. हाडामांसाने किडकिडीत परंतु मेदाने तुलनेने राखलेले असे हे बालक. पुढे २००९ साली पुणे व लंडन येथील नवजातांच्या चुंबकीय चित्रणानेही भारतीय बालकांच्या उदरात मेद अधिक असल्याचे दाखविले. म्हणजे ज्या वाटणीस आपण चाळिशीचा व बैठ्या जीवनाचा परिणाम समजतो, तिचा पाया गर्भावस्थेतच घातला जातो. मातेस पोषण अपुरे मिळाले असता गर्भ मेंदू व मेद यांना राखून स्नायूंत काटकसर करतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हेच बालक मोठेपणी शहरात आले, अन्न विपुल झाले व श्रम घटले की, ज्या देहाची घडण टंचाईसाठी झाली त्यास विपुलतेचा भार सहन होत नाही.

आपण ज्याला ‘बाळसे’ म्हणतो त्याचाही या संदर्भात फेरविचार करावा लागेल. बाळसे हे आरोग्याचे लक्षण मानले जाते, आणि ते सर्वस्वी चूक नाही. पण कमी वजनाच्या बालकास त्वरेने गुटगुटीत करण्याच्या आग्रहात वाढतो तो स्नायू की मेद, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ‘गुटगुटीत’ या शब्दात दोन्ही सामावून जातात.

६. मापनाचे नियम

वरील माहितीच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली असे सुचविले की, २५ व ३० या प्रचलित सीमारेषा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या निर्देशांकांपासूनच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दक्षता घ्यावी. कंबरेच्या बाबतीत दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाने २००५ साली स्वीकारली. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे. इंग्लंडमधील आरोग्यविषयक मार्गदर्शनात २०२२ पासून याहूनही सुलभ नियम सांगितला आहे : कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. त्यासाठी एक दोरीही पुरते. उंचीइतक्या दोरीची घडी घालून ती कंबरेभोवती पोचते की नाही, एवढे पाहावयाचे.

कंबर म्हणजे नेमकी कोणती जागा, याबद्दल मात्र आपल्याकडे घोटाळा आहे. शिंपी पाटलोणीसाठी जे माप घेतो ते कित्येकदा पोटाच्या खालचे असते. पोट जसजसे सुटते तसतसा पट्टा खाली सरकतो, आणि पाटलोणीचे माप वर्षानुवर्षे तेच राहिल्याचे समाधान मिळते. वैद्यकीय माप शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, उभे राहून, श्वास सहज बाहेर सोडल्यावर घ्यावयाचे असते.

या मापनाची निकड किती, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणीवरून कळते. तीत मधुमेही प्रौढांचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी दहा लाख व्यक्ती, असे अनुमान दिले आहे. सर्वसाधारण स्थौल्य २८.६ टक्के प्रौढांत, तर उदरस्थौल्य ३९.५ टक्के प्रौढांत आढळले. या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी केली तरी असे ठरते की, दर शंभर प्रौढांत किमान दहा-अकरा जण असे आहेत की ज्यांचे वजन त्यांना स्थूल ठरवीत नाही, पण कंबर ठरविते. २०२५ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगानेही केवळ निर्देशांकावरून स्थौल्याचे निदान करू नये, त्यास शरीराच्या आणखी एखाद्या मापाची जोड द्यावी, अशी शिफारस केली आहे.

उपायांविषयी थोडेच लिहिणे पुरे. आंतरांगीय मेद जितका घातक तितकाच तो चंचल आहे. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी तो त्या मानाने अधिक घटतो. आणि नियमित चालण्यासारख्या व्यायामाने वजनात फारसा फरक न पडताही तो कमी होऊ शकतो. म्हणून महिनाभर चालूनही काटा हलला नाही या निराशेने व्यायाम सोडणारा मनुष्य चुकीच्या साधनाची साक्ष मानत असतो. पोटाच्या स्नायूंचे व्यायाम केल्याने नेमका पोटावरील मेद वितळतो, ही समजूत मात्र निराधार आहे. स्नायूंना बळकटी येईल. मेद कोठून खर्ची पडावा हे शरीर ठरविते.

७. नावाचा प्रश्न

आता लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. आरोग्यविषयक मराठी लेखनात आज ‘लठ्ठपणा’ हा शब्द रूढ आहे. ‘लठ्ठपणामुळे मधुमेह होतो’ हे वाक्य वाचणारा, हातापायाने बारीक असलेला पंचेचाळीस वर्षांचा मनुष्य काय समजेल? तो स्वतःस लठ्ठ समजत नाही. त्याचे शेजारीही समजत नाहीत. वाक्य त्याच्यासाठी लिहिलेलेच नाही, असे मानून तो पान उलटील. भाषेच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नाही. ‘लठ्ठ’ हे सर्वांगाचे विशेषण आहे. जो धोक्याच्या सर्वांत निकट, त्यालाच वगळणारा हा शब्द आहे.

शिवाय या शब्दसमूहाला नैतिक वासही चिकटला आहे. ‘चरबी चढणे’ म्हणजे माज येणे. ‘सुस्त’ आणि ‘लठ्ठ’ ही विशेषणे जोडीने फिरतात. उलट ‘अंगावर मूठभर मांस चढणे’ हे आनंदाचे लक्षण, आणि ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक. निंदा आणि स्तुती या दोन टोकांमध्ये निर्विकार वर्णनाला जागाच उरत नाही. मेदाच्या वाटणीत आनुवंशिकतेचा, गर्भकालीन पोषणाचा आणि संप्रेरकांचा जो वाटा वर सांगितला, तो पाहता हा विषय शीलाचा नव्हे हे उघड आहे.

म्हणून शास्त्रीय लेखनापुरती काही निश्चिती करावी, अशी सूचना आहे. स्निग्ध द्रव्याच्या पेशीजालास ‘मेद’ म्हणावे. त्वचेखालील तो ‘अधस्त्वचीय मेद’ आणि उदरपोकळीतील तो ‘आंतरांगीय मेद’. ‘वपा’ हा शब्द केवळ आतड्यांवरील पडद्यासाठी राखून ठेवावा. त्याचा जुना नेमका अर्थ आजही उपयोगी आहे. मध्यभागाच्या वाढीस ‘उदरस्थौल्य’, आणि बाह्यतः बारीक परंतु आतून मेदाधिक्य असलेल्या देहास ‘कृशमेदस्वी’ हे विशेषण योजावे. या शेवटच्या शब्दात विरोधाभास आहे. पण तो वस्तुस्थितीतच आहे. सुश्रुताने प्रमेहाचे रोगी सांगताना जन्मजात रोगाचा तो कृश आणि अपथ्याने रोग जडलेला तो स्थूल, असे दोन वर्ग केले. आजचा मराठी मधुमेही कित्येकदा या दोन वर्गांच्या मधोमध उभा असतो, आणि त्याच्यासाठी तयार शब्द नाही.

सार्वजनिक प्रचारासाठी मात्र संस्कृत समासांची आवश्यकता नाही. तेथे लोकांच्या मुखातील क्रियापदच अधिक समर्थ आहे. ‘लठ्ठपणा टाळा’ या फलकाऐवजी ‘वजन ठीक असेल; पण पोट सुटले आहे काय?’ असा प्रश्न दवाखान्याच्या भिंतीवर लिहिला, तर तो ज्याच्यासाठी आहे त्यास ते तत्काळ कळेल. मापाची फीत आणि योग्य शब्द, ही दोन्ही साधने अल्पमोली आहेत. वैद्यांनी पहिले हाती घ्यावे आणि भाषेच्या अभ्यासकांनी दुसऱ्याची सिद्धता करावी, अशी या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.